रिमिक्स (नृत्यसंगीत)

आधी ध्वनिमुद्रित झालेल्या रचनेचे ठेका, खर्जातली चाल, गायन, वाद्यांचे थर असे भाग सुटे करून, त्यांतले काही वगळून व काही नवे घालून पुन्हा बांधलेली आवृत्ती म्हणजे रिमिक्स. मराठीत हा शब्द २००० च्या आसपास रूढ झाला तो वेगळ्याच अर्थाने. जुनी चित्रपटगीते नव्या गायिकेकडून गाऊन घेऊन, त्यांना जलद ठेका जोडून बाजारात आणलेल्या ध्वनिफितींना लोक रिमिक्स म्हणू लागले, आणि तेव्हापासून या शब्दाला नाक मुरडण्याची एक छटा चिकटली. काटेकोरपणे पाहता ते पुनर्गायन होते, कारण मूळ ध्वनिमुद्रणातले त्यात फारसे काही वापरलेले नसे. प्रस्तुत नोंद इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातील रिमिक्सविषयी आहे. युनिव्हर्सल, सोनी व वॉर्नर या तीन बड्या कंपन्यांच्या मालकीबाहेरची जी छोटी ध्वनिमुद्रिका-प्रकाशने आहेत, त्यांना स्वतंत्र लेबल म्हणतात. नृत्यसंगीतातले रिमिक्स मुख्यतः त्यांच्याच हातून वाढले.

या कल्पनेचे एक मूळ जमैकात सापडते. किंग्स्टनमधील साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठे कर्णे लावून रस्त्यावर तबकड्या वाजवणारे, १९६० च्या दशकाच्या अखेरीस गायन काढून टाकलेल्या प्रती वाजवू लागले. अशा प्रतीला तिथे ‘व्हर्जन’ म्हणत आणि ती सात इंची तबकडीच्या मागच्या बाजूस छापली जाई. किंग टबी हा मूळचा विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. त्याने मिक्सिंगच्या यंत्राचाच वाद्यासारखा वापर केला. गायकाचा एखादा शब्द क्षणभर ऐकू यावा आणि प्रतिध्वनीत विरून जावा, ढोल व बास तेवढे उरावेत, अशी ‘डब’ ही शैली त्यातून घडली. आजही अनेक नृत्यसंगीत प्रकाशनांत ‘डब मिक्स’ नावाची आवृत्ती असते, तिचे नाव इथून आले आहे.

दुसरे मूळ न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांमध्ये आहे. तीन मिनिटांचे गाणे संपले की नाचणारे थबकत आणि बाजूला होत, हे टॉम मोल्टन याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिले आणि फिती कापून-जोडून गाणी लांबवायला सुरुवात केली. बारा इंची सिंगल तबकडीचा जन्म याच मोल्टनच्या हातून, पण योगायोगाने झाला. १९७४ च्या सुमारास तो होझे रॉड्रिग्ज या ध्वनितंत्रज्ञाकडे एका गाण्याची नमुना तबकडी कापून घ्यायला गेला असता सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या होत्या. रॉड्रिग्जने दहा इंची तबकडीवर गाणे कापले. एवढ्या मोठ्या तबकडीच्या कडेला इवलीशी पट्टी उमटलेली मोल्टनला विचित्र वाटली, म्हणून त्याने खाचा पसरून आवाजाची पातळी चढवायला सांगितली. ऐकल्यावर दोघेही चकित झाले आणि पुढची नमुना तबकडी बारा इंची कापली गेली.

यामागचे कारण साधे आहे. तबकडीवरील खाच ध्वनिलहरीप्रमाणे डावी-उजवीकडे झुलते. खर्जाचा आवाज जितका मोठा, तितका हा झोका रुंद आणि शेजारच्या खाचेपासून राखावे लागणारे अंतर जास्त. सात इंची तबकडीवर लांब गाणे बसवायचे तर आवाज बारीक करावा लागतो किंवा खर्ज छाटावा लागतो. बारा इंची तबकडीवर, विशेषतः मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने, लांबी आणि दणका दोन्ही साधता येतात. साल्सोल या न्यूयॉर्कच्या स्वतंत्र लेबलने १९७६ मध्ये डबल एक्स्पोजर या गटाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची तबकडीवर विक्रीला आणले. व्यापारी विक्रीसाठी निघालेली ही या प्रकारची पहिली तबकडी मानली जाते. वॉल्टर गिबन्स या डीजेच्या हाती मूळ बहुपदरी ध्वनिमुद्रण देण्यात आले होते आणि त्याने ते नऊ मिनिटांहून लांब केले. क्लबात रोज रात्री लोकांना नाचवणाऱ्या माणसाला स्टुडिओत बसवण्याचा हा निर्णय तबकडीच्या आकारापेक्षाही महत्त्वाचा म्हटला पाहिजे.

या तबकडीची घडण डीजेच्या कामासाठी असते. सुरुवातीला व शेवटी बहुधा नुसता ठेका ठेवलेला असतो, म्हणजे आधीच्या तबकडीच्या शेपटावर पुढची चढवून दोन्हींची गती जुळवता येते. तबला लागेपर्यंत नगमा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी एकच सुरावट, धरून ठेवावा तसा हा भाग असतो. तबकडी दिव्याखाली तिरपी धरली तर तिची रचना डोळ्यांनीही वाचता येते. भरगच्च ठेक्याचे पट्टे फिकट, खरखरीत दिसतात, तर ठेका थांबून नुसते सूर राहतात त्या जागी गडद, गुळगुळीत वलय दिसते. सरावलेला डीजे सुई बरोबर तिथे टेकवतो. खाच संपल्यानंतरच्या मोकळ्या काळ्या कड्यावर कापणाऱ्या कारागिराच्या हातची कोरीव अक्षरे असतात. क्रमांक, आद्याक्षरे, कधी एखादा विनोद. जॉर्ज पेकम या ब्रिटिश कारागिराची ‘पोर्की’ ही सही हजारो तबकड्यांवर सापडते.

१९८० च्या दशकात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन स्वस्त झाली आणि या संगीताची सूत्रे घरगुती खोल्यांकडे गेली. शिकागोत जेसी सॉन्डर्स याने १९८४ मध्ये ‘ऑन अँड ऑन’ स्वतःच्याच लेबलवर काढले. त्याच सुमारास तिथे ट्रॅक्स आणि डीजे इंटरनॅशनल ही लेबले सुरू झाली आणि हाउस संगीताचा, म्हणजे यंत्राच्या सलग, एकसारख्या ठोक्यांवर चालणाऱ्या नृत्यसंगीताचा, पाया घातला गेला. डेट्रॉइटमध्ये ह्वान ॲट्किन्स याने १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स, डेरिक मे याने त्यानंतर ट्रान्समॅट आणि केव्हिन सॉन्डरसन याने केएमएस ही लेबले काढली. तिघेही शाळासोबती होते आणि टेक्नो या यांत्रिक, बहुधा गायनविरहित नृत्यसंगीताचे जनक म्हणून तिघांचीही नावे घेतली जातात. संगीतकारच लेबलचा मालक असल्यामुळे काय छापायचे हे विचारायला वर कोणी नव्हते. याची दुसरी बाजू शिकागोत दिसली. तिथे तरुण मुलांनी नगण्य रकमा घेऊन हक्क लिहून दिले, आणि लॅरी हर्ड व रॉबर्ट ओवेन्स यांच्यासारख्या कलावंतांना आपल्याच रचनांसाठी तीन दशकांनंतर न्यायालयात जावे लागले. स्वतंत्र लेबल म्हणजे आपोआप न्यायी लेबल, हा समज भाबडा आहे.

इंग्लंडमध्ये १९८९ साली शेफील्डच्या एका रेकॉर्डच्या दुकानातून वॉर्प हे लेबल निघाले. फोर्जमास्टर्स या गटाची तबकडी हे त्याचे पहिले प्रकाशन; ५०० प्रती छापल्या आणि उसन्या घेतलेल्या गाडीतून दुकानोदुकानी पोचवल्या. पाचशे हा आकडा या व्यवसायात वारंवार भेटतो. इतक्या प्रतींत छपाईचा खर्च जेमतेम निघतो आणि माल पडून राहण्याची भीती कमी असते. बऱ्याच लेबलांचा छपाईचा खर्च वितरक उचलतो आणि विक्रीतून वळता करून घेतो. उरलेला नफा लेबल आणि कलावंत निम्मा-निम्मा वाटून घेतात, ही जुनी वहिवाट आहे आणि ती पुष्कळदा तोंडी करारावर चालत आली आहे. प्रत्येक प्रकाशनाला अनुक्रमांक देण्याची प्रथाही संग्राहकांना प्रिय आहे. मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलने तर आपल्या क्लबलाही ‘फॅक ५१’ असा क्रमांक दिला होता.

रिमिक्स सोपवण्याची रीत साधारण अशी आहे. लेबल मूळ रचनेचे सुटे थर, ज्यांना ‘स्टेम’ म्हणतात, दुसऱ्या संगीतकाराकडे पाठवते. तो एक ठरावीक रक्कम घेऊन नवी आवृत्ती करून देतो. बहुतेक करारांत तिचे हक्क मूळ लेबलकडेच राहतात, विक्रीतला वाटा रिमिक्स करणाऱ्याला मिळतोच असे नाही. पैसे नसलेली लेबले अदलाबदल करतात: तू माझे कर, मी तुझे करतो. यातून लेबलला मिळते ती दुसऱ्या श्रोतृवर्गात शिरण्याची वाट. मिनिटाला १२२ ठोक्यांचे संथ हाउस एका संगीतकाराच्या हाती देऊन १७० च्या आसपासच्या ड्रम अँड बेस या जलद शैलीत नेले, की तीच रचना सर्वस्वी वेगळ्या खोलीत वाजू लागते. ए बाजूला मूळ रचना आणि बी बाजूला दोन रिमिक्स, ही मांडणी त्यामुळेच रूढ झाली, आणि बी बाजूच गाजल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

मूळ रचनेशी किती इमान राखावे याला नियम नाही. प्रायमल स्क्रीम या रॉक गटाचे एक संथ गाणे अँड्र्यू वेदरॉल याच्याकडे आले, तेव्हा त्याने गायन जवळजवळ सगळे काढले, पितळी वाद्यांचे आणि गिटारचे तुकडे ठेवले, खाली नवा ठेका घातला. ‘लोडेड’ या नावाने ते १९९० मध्ये क्रिएशन या स्वतंत्र लेबलवर निघाले आणि त्या गटाची दिशाच बदलली. याच्या उलट टॉड टेरी याने ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या जोडीच्या ‘मिसिंग’ या गाण्याचे गायन तसेच राहू दिले आणि खाली फक्त हाउसचा ठेका सरकवला. १९९४ मध्ये फारसे न चाललेले ते गाणे पुढच्या वर्षी जगभर वाजले. पहिली रीत अधिक सर्जनशील मानली जाते. दुसरीत लागणारा संयम मात्र सहसा कोणी मोजत नाही.

परवानगीविना केलेल्या रिमिक्सला ‘बूटलेग’ म्हणतात. अशी आवृत्ती पुष्कळदा ‘व्हाइट लेबल’वर, म्हणजे मधला गोल कागद कोरा ठेवलेल्या तबकडीवर निघे. कोरा कागद मुळात छपाईपूर्व नमुन्याची खूण होता. पुढे कायद्यापासून लपण्यासाठी, आणि डीजेने नावाऐवजी कानावर भरवसा ठेवावा म्हणूनही, तो वापरला जाऊ लागला. एकाच प्रतीसाठी मऊ लेपावर कापलेली ‘डबप्लेट’ काही डझन वेळा वाजवल्यावर झिजते. लंडनच्या जंगल आणि डबस्टेप या खर्जप्रधान नृत्यसंगीत शैलींच्या मंडळींत ती जवळ असणे ही प्रतिष्ठेची बाब होती.

२००४ मध्ये सुरू झालेले बीटपोर्ट हे डीजेंसाठीचे विक्रीस्थळ आणि २००८ मधले बँडकॅम्प यांनी वितरकाची गरज कमी केली. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापून घेते. २० मार्च २०२० रोजी, महासाथीने क्लब बंद पाडले असताना, बँडकॅम्पने एक दिवस आपला वाटा सोडला आणि पुढे ठरावीक शुक्रवारी तो सोडण्याची पद्धत पडली. फाइलीच्या या काळातही जुना साचा टिकून आहे. नुसत्या ठेक्याची लांबलचक सुरुवात ‘एक्स्टेंडेड मिक्स’मध्ये कायम असते, आणि ऑनलाइन ऐकणाऱ्यांसाठी तीच रचना तीन मिनिटांत छाटून वेगळी दिली जाते. तबकड्याही छापल्या जातातच. मात्र ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि तबकडी कापण्यासाठी लागणाऱ्या लॅकरचा, म्हणजे मऊ लेप दिलेल्या कोऱ्या चकत्यांचा, मोठा पुरवठादार केवळ एकच, जपानमधला, उरला. आधीच रांगेत असलेल्या छोट्या लेबलांना त्यानंतर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली.

या इतिहासात मुंबई व गोव्याचा वाटा खरा आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँड कंपनीची टीबी-३०३ (खर्जाचे सूर काढणारे), टीआर-८०८ (ठेका देणारे) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रे वापरून डिस्को ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी कोणी विचारली नाही. त्याच टीबी-३०३ च्या चिवचिवाटावर पाच वर्षांनी शिकागोत ॲसिड हाउस ही हाउसची उपशैली उभी राहिली. त्या मंडळींनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला आधार नाही. बॉम्बे कनेक्शन या डच स्वतंत्र लेबलने २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली आणि उतारवयात चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

गोव्यात हणजुणच्या किनाऱ्यावरचे डीजे १९८० च्या दशकात युरोपातून आणलेल्या तबकड्यांमधले गायन कापून टाकून नुसता वाद्यभाग कॅसेटवर लांबवत असत. तेही एक प्रकारचे रिमिक्सच. उन्हाने तबकड्या वाकत, धुळीने सुया अडत, म्हणून आधी कॅसेट आणि नंतर डॅट या डिजिटल फिती वापरात आल्या. या संगीताला, म्हणजे गोवा ट्रान्सला, प्रकाशनाचे रूप दिले ते लंडनच्या ड्रॅगनफ्लाय (१९९३) आणि टिप (१९९४) या लेबलांनी. अबव्ह अँड बियाँड या गटाच्या ‘अंजुनाबीट्स’ या ब्रिटिश लेबलचे नावही याच गावावरून, त्याच्या इंग्रजी उच्चाराने, ठेवलेले आहे. भारतातल्या आजच्या लेबलांपैकी दिल्लीचे किल्ला रेकॉर्ड्स टेक्नो संगीतासाठी ओळखले जाते.

भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१-सी पुनर्गायनाला लागू होते. मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे लोटल्याशिवाय तसे करता येत नाही आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदलही चालत नाही. मूळ ध्वनिमुद्रणच वापरायचे असेल तर या कलमाचा उपयोग नाही; हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत वाजणारी मराठी गाण्यांची बहुतेक रिमिक्स या चौकटीबाहेरची असतात. गावोगावचे तरुण ती लॅपटॉपवर तयार करतात आणि मोबाइलवरून एकमेकांना पाठवतात. या रिमिक्सना ना तबकडी असते, ना अनुक्रमांक. दुसऱ्या डीजेने आपले काम स्वतःच्या नावावर खपवू नये म्हणून करणारा आपले व आपल्या गावाचे नाव ठेक्याच्या मधोमध, थोड्या-थोड्या वेळाने, घोगऱ्या आवाजात भरून ठेवतो.