डॉमिनिकाचे रस्ते आणि पाण्याची वाट

रोझो हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलं असेल तर ते क्रिकेटमुळे. जुलै २०२३मध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या यशस्वी जयस्वालने कसोटी पदार्पणातच १७१ धावा केल्या, त्या रोझोच्या विंडसर पार्कवर. रोझो ही डॉमिनिकाची राजधानी. डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश; ही गल्लत बातम्यांतही होते. ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध असलेला डॉमिनिका जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचा आहे आणि वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. एवढ्याशा बेटावर मॉर्न डायब्लोटिन १,४४७ मीटर उंच, म्हणजे सपाटी जवळपास नाहीच. जी थोडी आहे ती नद्यांच्या मुखाशी. गावं तिथे वसली आणि रस्तेही तिथूनच गेले. आजच्या अडचणीचं मूळ इथे आहे.

बराच काळ या बेटाचा खरा रस्ता म्हणजे समुद्र. १७६३मध्ये बेट ब्रिटिशांकडे आलं, मधली काही वर्षं फ्रेंचांकडे गेलं, पण माल आणि माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने होडीतूनच जात राहिली. पश्चिमेकडे कॅरिबियन समुद्र शांत असल्याने तिथे हे निभायचं. पूर्वेला अटलांटिक, तिथल्या ला प्लेनसारख्या गावाला रोझो गाठायचं तर डोंगरातली पायवाट. जमिनीवरचा कर मात्र त्यांनाही चुकत नव्हता. १८९३मध्ये थकलेल्या करापायी एका शेतकऱ्याला घराबाहेर काढायला पोलीस आणि नौसैनिक आले, जमाव चिडला, गोळीबारात चार गावकरी मेले. त्यानंतर नेमलेल्या सर रॉबर्ट हॅमिल्टन यांच्या चौकशीत बेटाच्या दुरवस्थेचा पाढा वाचला गेला. रस्ते नसणं ही त्यातली ठळक तक्रार होती.

लंडनहून पैसा आला आणि 'इंपीरियल रोड' सुरू झाला. प्रशासक हेस्केथ बेल यांचा तो आवडता प्रकल्प. पण हा रस्ता ला प्लेनच्या लोकांसाठी नव्हता. बेटाच्या पोटातलं जंगल उघडून तिथे इंग्रज मळेवाले बसवायचे, हा त्यामागचा हिशेब. मळेवाले आले, लिंबं आणि कोको लावला, आणि रोगांनी व वादळांनी काही दशकांत त्यांचा गाशा गुंडाळला. याच बेल यांनी १९०३मध्ये मूळ रहिवासी कालिनागो लोकांसाठी पूर्व किनाऱ्यावर राखीव प्रदेश आखला. मोटार जाईल असा रस्ता तिथे पोचायला मात्र पुढे कित्येक दशकं लागली.

रस्त्यांचं जाळं खऱ्या अर्थाने पसरलं ते केळ्यांमुळे. १९५०च्या दशकापासून डॉमिनिकाची केळी ब्रिटनला जाऊ लागली. केळ्याचा घड दबला की माल बाद, म्हणून वाडीपर्यंत गाडी हवी. तेव्हाचे सरकारप्रमुख एडवर्ड ऑलिव्हर लब्लां यांच्या काळात (१९६१ ते १९७४) गावोगावी रस्ते गेले. उतार कापून, लहान नळाच्या मोऱ्या टाकून, जेवढ्या पैशात होईल तेवढं. त्या वेळी ते बरोबरच होतं, असं मला वाटतं. रस्ता अजिबात नसण्यापेक्षा अरुंद रस्ता बरा. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या निकालांनंतर युरोपातली केळ्यांची सवलत आटली. केळी गेली, रस्ते आणि त्यांची देखभाल गळ्यात राहिली.

वादळं काही नवी नव्हती. नोव्हेंबर १९७८मध्ये देश स्वतंत्र झाला आणि वर्ष व्हायच्या आत, २९ ऑगस्ट १९७९ला डेव्हिड चक्रीवादळाने त्याला झोडपलं. पण 'रस्ता पाण्याने जातो, वाऱ्याने नव्हे' हे डोळ्यांत भरलं ते २७ ऑगस्ट २०१५ला. एरिका हे पूर्ण चक्रीवादळसुद्धा नव्हतं. वारा बेताचाच, पाऊस मात्र काही तासांत तीनशे मिलिमीटरच्या वर. तीसेक माणसं गेली. नुकसान ४८.३ कोटी डॉलर, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ९० टक्के. आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या वाहतुकीचा, म्हणजे मुख्यतः रस्ते आणि पूल.

हे घडतं कसं? वरच्या उतारावर दरड सुटते. झाडं मुळासकट आणि मोठमोठे धोंडे ओढ्यात येतात आणि मोरीच्या तोंडाशी अडकतात. पाणी तुंबतं, रस्त्यावर चढतं आणि पलीकडच्या बाजूने खाली कोसळताना भरावाची माती पोखरतं. डांबर वरून शाबूत दिसतं, खाली पोकळी. मग एका क्षणी सगळंच खाली जातं. आपल्या घाटांत पावसाळ्यात जे पाहतो तेच, फक्त इथे वळसा घालायला दुसरा रस्ता नाही. आग्नेयेकडचं पेटीट साव्हान गाव असंच तुटलं. तिथल्या लोकांना होड्यांतून आणि हेलिकॉप्टरने काढावं लागलं. शेवटी गावच दुसरीकडे वसवण्याचा निर्णय झाला.

त्यातून सावरायच्या आत १८ सप्टेंबर २०१७ला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं मारिया चक्रीवादळ आलं. नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के. पाचच दिवसांनी पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभे होते, आणि डॉमिनिकाला हवामान-बदलाला तोंड देऊ शकणारं जगातलं पहिलं राष्ट्र करायचं, हा संकल्प पुढे आला. २०१८मध्ये कायदा झाला, त्याखाली 'क्रेड' ही अंमलबजावणी यंत्रणा उभी राहिली.

भाषणं सोडली तर रस्त्याच्या कामात बदलायचं ते अगदी साधं आहे. नळांच्या रांगेऐवजी एकच रुंद गाळा, म्हणजे झाड आडवं आलं तरी निघून जाईल. पुलाला शक्यतो पात्रात खांब नको. उताराच्या पोटातलं पाणी काढणारे चर, जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती, आणि पाणी रस्त्यावरून गेलंच तर पलीकडची कड धुपू नये म्हणून तिला दगडी कवच. उतार धरायला जगभर वाळा लावतात. त्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. आपल्याकडून जगभर गेलेलं हे गवत डॉमिनिकात मुबलक आहे. तिथे त्याच्या चटया विणण्याची जुनी कला आहे.

अवघड भाग पैशाचा. पश्चिम किनाऱ्याचा महामार्ग चीनच्या मदतीने झाला, दक्षिणेचा लूबिएर ते बागातेल रस्ता ब्रिटिश अनुदानातून, पूर्व किनाऱ्यासाठी जागतिक बँक. देणगीदाराला फीत कापायला नवा रस्ता आवडतो. १ जूनला वादळांचा मोसम सुरू होण्याआधी मोऱ्यांची तोंडं साफ करायला कोणी अनुदान देत नाही. ते देशाने स्वतःच्या खिशातून करायचं. त्या खिशाचा मोठा आधार म्हणजे १९९३पासून चालू असलेली योजना, गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व. विकत घेतलेल्या या पासपोर्टची किंमत तो किती देशांत व्हिसाशिवाय चालतो यावर ठरते, आणि जुलै २०२३मध्ये ब्रिटनने डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला.