मार, गॅरी

गॅरी मार (जन्म १९६२) हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील राजकारणी असून, पुढे प्रांताचे परदेशांतील व्यापार-प्रतिनिधी आणि त्यानंतर उद्योगसंघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून ते ओळखले गेले. चिनी वंशाच्या कुटुंबात कॅल्गरी येथे त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी घेतलेले मार १९९३ मध्ये प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले आणि मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी शिक्षण, पर्यावरण, आरोग्य आदी खाती सांभाळली. ते आरोग्यमंत्री असताना, २००३ मध्ये, प्रांतातील प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणांची संख्या १७ वरून ९ वर आणण्यात आली.

२००७ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन ते अल्बर्टाचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले. कॅनडात परराष्ट्र संबंध केंद्राकडे असले, तरी भूगर्भातील तेल बहुतांशी प्रांताच्या मालकीचे असते. त्यामुळे त्या तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक असलेल्या अमेरिकेत आपला स्वतंत्र माणूस असावा, ही अल्बर्टाची गरज होती. हे कार्यालय २००५ मध्ये कॅनडाच्या दूतावासातच उघडले गेले होते. भारतातील राज्यांचे निवासी आयुक्त दिल्लीत बसतात. इथे प्रांताचा आयुक्त थेट परक्या देशाच्या राजधानीत बसला होता, एवढाच फरक, पण तो मोठा होता. मार यांच्या काळात तैलवाळूतून, म्हणजे घट्ट तेल मिसळलेल्या वाळूतून, काढलेल्या तेलावर ‘घाणेरडे तेल’ असा शिक्का बसू लागला होता. २००७ च्या अमेरिकी ऊर्जा कायद्याच्या कलम ५२६ ने, नेहमीच्या तेलापेक्षा जास्त हरितगृह वायू सोडणारे पर्यायी इंधन घेण्यापासून तेथील संघराज्य संस्थांना रोखले होते, आणि अल्बर्टाचे तेल अमेरिकेत नेणाऱ्या कीस्टोन एक्सएल या नियोजित तेलवाहिनीचा अर्ज परवानगीच्या प्रतीक्षेत होता. अशा वेळी प्रतिनिधीचे काम म्हणजे मुख्यतः काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांची मने वळवणे. मंत्रिपद भूषवलेल्या माणसाला तेथील दारे लवकर उघडतात, आणि नेमणुकीमागचा खरा हिशेब तोच असावा.

२०११ मध्ये ते पक्षनेतेपदासाठी परतले. पक्ष सत्तेत असल्याने विजेता आपोआप मुख्यमंत्री होणार होता. पहिल्या फेरीत मार यांना जवळजवळ ४१ टक्के मते मिळाली, तर अ‍ॅलिसन रेडफर्ड यांना जेमतेम १९. दुसऱ्या फेरीच्या प्रथम मोजणीतही तेच पुढे होते. परंतु तिसऱ्या क्रमांकावरील डग हॉर्नर बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांची दुसऱ्या पसंतीची मते मोठ्या प्रमाणावर रेडफर्ड यांच्याकडे वळली आणि मार सुमारे १,६०० मतांनी हरले. त्याच रेडफर्ड यांनी त्यांना आशियातील प्रतिनिधी म्हणून हाँगकाँगला पाठवले. ही उदारता होती, की प्रतिस्पर्ध्याला सन्मानाने दूर ठेवण्याची जुनी रीत, याबद्दल मतभेद होऊ शकतात.

ही नेमणूक निर्वेध राहिली नाही. प्रचाराचे कर्ज फेडण्यासाठी एडमंटनमध्ये भरवलेल्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमात हाँगकाँगची सहल लिलावात ठेवली गेल्याने २०१२ मध्ये त्यांना विनावेतन निलंबित करण्यात आले. नीतिआयुक्तांनी चौकशीअंती त्यांना दोषमुक्त ठरवल्यावर ते कामावर रुजू झाले.

हाँगकाँगहून परतल्यावर ते पेट्रोलियम सर्व्हिसेस असोसिएशन ऑफ कॅनडाचे अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तेलविहिरींना यंत्रे, मनुष्यबळ व सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांची ही संघटना असून, २०१४ पासून कोसळलेल्या तेलाच्या किमतींचा फटका या कंपन्यांना सर्वांत आधी बसला होता. २०२० मध्ये मार यांनी कॅल्गरीतील कॅनडा वेस्ट फाउंडेशन या धोरण-संशोधन संस्थेची सूत्रे हाती घेतली. पश्चिमेकडील प्रांतांचा माल बंदरे, रेल्वे व महामार्गांवाटे परदेशी बाजारांपर्यंत कसा पोहोचवावा, हा विषय तेथे त्यांनी सातत्याने लावून धरला.