उशिराची नोंद (क्रेडिट अहवाल)

कर्जाचा हप्ता किंवा क्रेडिट कार्डाचे बिल ठरलेल्या तारखेला भरले गेले नाही, की ते किती दिवस थकले आहे हे क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदपत्रात, महिन्याच्या रकान्यात लिहिले जाते. दिवसांच्या या आकड्याला बँकवाले डीपीडी म्हणतात. बडोद्यातल्या मराठी घरांत मात्र ‘सिबिल बिघडलं’ एवढेच ऐकू येते. सिबिल ही असे अहवाल तयार करणाऱ्या भारतातल्या चार क्रेडिट माहिती कंपन्यांपैकी एक. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन. क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा आहे.

महाराज सयाजीराव गायकवाडांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली ती याच शहरात. पत सांभाळणे इथे जुनेच. ती दिवसांत मोजली जाणे नवे. पेन्शन उशिरा आली, घरात आजारपण होते, यातले काहीही त्या रकान्यात उतरत नाही.

मोजणी देय तारखेपासून होते. त्या दिवशीचा हिशेब बँकेच्या संगणकावर बंद होईपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली नाही, तर खाते त्याच तारखेपासून थकीत धरावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. कार्डाच्या बाबतीत देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच उशीर कळवता येतो. पण एकदा कळवला, की दिवस मूळ तारखेपासूनच मोजतात. सलग ९० दिवसांच्या पुढे थकलेले कर्ज अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बँकेला उत्पन्न न देणारे, ठरते. सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांचे रकाने दिसतात: वेळेवर असेल तर ०००, आणि त्या महिन्याची माहितीच आली नसेल तर एक्सएक्सएक्स.

लोक सर्वांत जास्त फसतात ते सुटलेल्या एका हप्त्यात. दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकूंनी वॉशिंग मशीन हप्त्यांवर घेतले होते. ५ जानेवारीचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला. ५ फेब्रुवारीचा वेळेवर कापला गेला, मार्चचाही. तरी अहवालात जानेवारीला ०२६, फेब्रुवारीला ०२३, मार्चला ०२६. काकू पासबुकावर बोट ठेवून म्हणायच्या, “दर महिन्याला कापले गेलेत की रे!” कापले गेले होतेच, पण आलेला पैसा आधी सगळ्यात जुन्या थकबाकीत जातो. फेब्रुवारीच्या पैशाने जानेवारी फिटला आणि फेब्रुवारी उघडा राहिला. असा एक सुटलेला हप्ता पुढचे सगळे महिने डागाळत नेतो, आणि त्यावर उपाय एकच: एक हप्ता ज्यादा भरणे. इथे तक्रार करून काही होत नाही, कारण नोंद खरी आहे.

खोट्या नोंदीची गोष्ट वेगळी. भरलेला हप्ता न दिसणे, फिटलेले कर्ज चालू दिसणे, नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या पॅनखाली येणे, ही तिची नेहमीची रूपे. माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर खाते, महिना आणि चूक नेमकी दाखवून वाद नोंदवता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते आणि तिने होकार दिला तरच दुरुस्ती होते. म्हणून तीच तक्रार, पावती आणि व्यवहार क्रमांकासह, संस्थेकडेही लेखी द्यावी. फोनवर मिळालेले ‘होऊन जाईल’ हे आश्वासन पुढे कुठेच दाखवता येत नाही.

निकालाची मुदत ३० दिवस आहे. त्यातले २१ दिवस दुरुस्त माहिती पाठवायला संस्थेला मिळतात. मुदत उलटली, तर तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरवले. जिच्यामुळे उशीर झाला तिने ती द्यायची, मग ती संस्था असो वा माहिती कंपनी. दुरुस्ती नाकारली तर कारणही कळवावे लागते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्याने लोक महिनोन्‌महिने नुसती वाट बघतात याचे वाईट वाटते. समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून माहिती कंपन्याही लोकपाल योजनेत आहेत.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. जामीनदारांनी तो अवश्य बघावा, कारण दुसऱ्याने चुकवलेले कर्ज त्यांच्याही अहवालात दिसते. पैसे घेऊन ‘सिबिल साफ’ करून देणाऱ्यांपासून दूर राहावे; खरी नोंद पुसायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

काकूंनी एप्रिलमध्ये ज्यादा हप्ता भरला, पण तो संस्थेने जमा दाखवला नाही. या वेळी मात्र हातात पावती होती. वाद नोंदवल्यावर एप्रिलचा रकाना ००० झाला. जानेवारी ते मार्चचे तीन आकडे तसेच राहिले. ३६ महिने सरले की एकेक करून ते अहवालातून सरकतील.