ऑक्टोबरच्या पहाटे घाम वाळत का नाही?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. तिथून सोळा आठवडे मागे मोजले की तयारीचा पहिला आठवडा सप्टेंबरच्या अखेरीस येतो. म्हणजे सुरुवातीचे लाँग रन (आठवड्यातले लांब पल्ल्याचे सराव) नेमके ऑक्टोबरच्या उकाड्यात. यावर सगळे एकच उपाय करतात. साडेचारला उठायचं आणि उजाडायच्या आत निम्मं अंतर मारायचं. ऊन टाळायला हे उत्तमच आहे. पण मोबाइलवर २५ अंश दिसतात म्हणून डिसेंबरचा वेग धरला, तर अठराव्या-विसाव्या किलोमीटरला पाय जड होतात आणि दोष झोपेला किंवा आदल्या रात्रीच्या जेवणाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा हवेत असतं.

धावताना साधारण वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस तासाला १० किलोमीटर पळाला, तर ६५० किलोकॅलरी. त्यातला पाऊण भाग, म्हणजे जवळपास ५००, उष्णता म्हणून बाहेर पडावा लागतो. तो अडकून राहिला तर शरीराचं तापमान सहा-सात मिनिटांत एक अंशाने चढेल. सुटकेचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. यात ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. कोपरावरून ठिबकलेला, मोजे भिजवून बुटात साचलेला घाम थंडावा देत नाही. तेवढं पाणी आणि मीठ मात्र शरीरातून जातं.

घाम किती वाळेल हे त्वचेलगतची वाफ आणि हवेतली वाफ यांच्या दाबातल्या फरकावर ठरतं. पळणाऱ्याची त्वचा ३३ अंशांवर असेल, तर तिथे वाफेचा दाब ५० मिलिबारच्या आसपास असतो. हवेतली वाफ किती हे सांगतो दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानाला निववली की दव पडू लागतं ते तापमान. मुंबईत ऑक्टोबरच्या पहाटे हवा २५ अंश आणि दवबिंदू २३ असेल, तर हवेतला दाब २८ मिलिबार. फरक उरला २२. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंश आणि दवबिंदू १० धरा. दाब १२ मिलिबार, फरक ३८. थंडीत त्वचाही गार असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरतो. पण गार हवा स्वतःच अंगातली बरीच उष्णता ओढून घेते आणि घामावरचा भार हलका होतो.

आता या दोन सकाळींची सापेक्ष आर्द्रता पाहा, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेच्या किती टक्के वाफ आहे ते. मुंबईची ८९ टक्के, पुण्याची ८८. आकडे जवळपास सारखे, पळण्याचा अनुभव मात्र जमीन-अस्मानाचा. सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर हलते, म्हणून पहाटे ती सर्वात जास्त आणि दुपारी कमी दिसते. त्याच २३ दवबिंदूची हवा दुपारी ३४ अंशांवर गेली की आर्द्रता ५३ टक्के दिसेल, पण हवेतली वाफ तेवढीच असेल. त्यामुळे हवामानाच्या अ‍ॅपमध्ये टक्केवारी सोडा आणि दवबिंदूचा आकडा शोधा. अंदाजाचा साधा नियम असा: १५-१६ च्या खाली असेल तर ठरलेल्या वेगाने पळा. १६ ते २० मध्ये किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद जास्त लागू द्या. २१ ते २३ मध्ये वीस ते चाळीस सेकंद. २४ आणि त्यापुढे घड्याळावरचा पेस (किलोमीटरमागे लागणारा वेळ) झाकून ठेवा आणि एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल इतक्याच जोराने पळा.

वेग धरून ठेवण्याचा हट्ट केला तर काय होतं, ते हार्ट रेटमध्ये सरळ दिसतं. रक्ताला दोन कामं एकदम करावी लागतात: स्नायूंना ऑक्सिजन पोचवायचा आणि उष्णता त्वचेकडे न्यायची. घामामुळे रक्तातलं पाणीही घटत जातं. प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. पाचव्या किलोमीटरला १४५ ठोके असतील, तर विसाव्याला त्याच वेगाला १६० लागतात. जास्त जोरावर ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, तीही भराभर संपते. आरामात व्हायला हवा होता असा लाँग रन शर्यतीइतका महाग पडतो आणि पुढचे चार दिवस पाय उठत नाहीत.

वाऱ्याकडेही लक्ष असू द्या. भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, पण मंद. खारे वारे ऊन चढल्यावर सुरू होतात. वारा पाठीशी आणि तुमच्याच वेगाचा असेल, तर अंगाभोवती हवा जवळजवळ स्थिर राहते आणि घाम वाळतच नाही. म्हणून परतीचा पल्ला समोरून वारा लागेल असा आखावा.

उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरू नका. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस एक-दोन सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. त्या पहिल्या तासात पुढे वाकण्याचा ताण चकत्यांवर जास्त येतो. दहा मिनिटं चालणं आणि पहिले दोन किलोमीटर अगदी हळू, एवढा वॉर्म-अप पुरेसा आहे.

रात्रीत यकृतातलं ग्लायकोजन बरंच उतरतं. दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर अर्धा-पाऊण तास आधी एक केळं खा, त्यातून २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात. १० ग्रॅम गुळाच्या खड्यात नऊ ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यावरून किती खडे न्यायचे ते मोजा.

पाण्यासाठी मात्र अंदाजावर विसंबू नका, वजनकाटा वापरा. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. घटलेले किलो अधिक वाटेत प्यायलेले लिटर, म्हणजे तुमचा घाम. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पिणं कमी पडलं. वजन वाढलं असेल तर ते जास्त धोक्याचं, कारण नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं आढळलं होतं. बनियनवर घाम वाळल्यावर पांढरे पट्टे उमटत असतील, तर लांब पल्ल्यात पाण्यासोबत मीठही हवंच.

सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. धावणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा त्वचा अनेकदा ओलीच असते. त्याला सावलीत न्या, मिळेल तेवढं थंड पाणी आणि बर्फ अंगावर टाका आणि रुग्णवाहिका बोलवा. आधी थंड करणं, मग नेणं.

दोन आठवडे अशा हवेत रोज पळलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत तयारी करणाऱ्यांना हा सराव मिळत नाही. त्यांनी डिसेंबर-जानेवारीत काही धावा उशिरा, ऊन पडल्यावर कराव्यात. मुंबईत पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो. साडेचार-पाच तास घेणाऱ्याचा निम्मा पल्ला उन्हात असतो.

घरी आल्यावर बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला आणि बूट सावलीत पंख्याखाली ठेवा.