गोष्टीचं तात्पर्य मुलांपर्यंत पोचतं का?

अमेरिकेत लहान मुलांसाठी क्लिफर्ड नावाच्या अवाढव्य लाल कुत्र्याची कार्टून मालिका लागायची. तिच्या एका भागात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे काही कुत्रे आधी त्याला घाबरून लांब लांब राहतात आणि शेवटी सगळ्यांची मस्त दोस्ती होते. बनवणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते आपल्याला लगेच कळतं, कोणी वेगळं दिसत असेल, अपंग असेल तर त्याला बाजूला टाकायचं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा भाग बालवाडीतल्या मुलांना दाखवला आणि विचारलं, यातून काय शिकायचं? बहुतेक मुलं कुत्र्यापाशीच थांबली. तीन पायांच्या कुत्र्याशी चांगलं वागायचं, एवढंच. वर्गात कुबडी घेऊन येणाऱ्या मुलाशी याचा काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि मला वाटतं पोरांना गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येक आईबाबांना आणि आजीआजोबांना तो माहीत असायला हवा.

कारण आपण सगळे हेच करतो. गोष्ट सांगायची आणि शेवटी, "मग काय शिकलो आपण?" इसापनीती आणि पंचतंत्रावर वाढलेलो आपण, तात्पर्य आल्याशिवाय गोष्ट संपली असं आपल्याला वाटतच नाही. पण पाच वर्षांच्या डोक्यात तेव्हा काय चालू असतं बघा. मुलाला कोण आलं, कोणाला राग आला, पुढे काय झालं हे सगळं नीट लक्षात राहतं, आपण एक वाक्य चुकवलं तर ते टोकतं सुद्धा. तात्पर्य काढायचं म्हणजे मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं, कुत्रा विसरायचा, पाय विसरायचा, फक्त मधला संबंध उचलायचा आणि तो भलत्याच ठिकाणी नेऊन लावायचा. हे काम अवघड आहे. ते हळूहळू जमायला लागतं आणि बऱ्याच मुलांना प्राथमिक शाळेत जाऊनही काही वर्षं नीट जमत नाही. त्यात मुलाची बुद्धी कमी किंवा लक्ष नाही असं काहीही नसतं.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात मुलांना सांगितलेल्या गोष्टींच्या जोड्या दिल्यात. एका गोष्टीत जॉनला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलतो, दारामागे खुर्चीवर ट्रेमध्ये कप ठेवलेले असतात हे त्याला माहीतच नसतं, आणि पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीत आई बाहेर गेलेली असताना हेन्री कपाटातला जॅम चोरून खायला खुर्चीवर चढतो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? लहान मुलं बऱ्याचदा जॉन म्हणाली, कारण त्याने पंधरा फोडले. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की पियाजेंनी छोट्या मुलांना जरा कमीच लेखलं होतं, पात्राच्या मनात काय होतं हे चित्रात स्पष्ट दाखवलं तर तीन-चार वर्षांची मुलंही हेतूचा विचार करतात. म्हणजे समज असते, पण ती गोष्टीत समोर दिसावी लागते, आडून सुचवलेलं निसटून जातं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. टोरोंटो विद्यापीठातले कांग ली आणि त्यांचे सहकारी मुलं खोटं कसं बोलतात यावर कित्येक वर्षं काम करतायत. २०१४ साली त्यांनी तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांवरचा अभ्यास छापला. मूल टेबलाकडे पाठ करून बसतं, मागे एक खेळणं ठेवतात, त्याचा आवाज ऐकून ते कोणतं आहे ते ओळखायचं. मधेच प्रयोग घेणारी ताई म्हणते मी जरा गोष्टीचं पुस्तक घेऊन येते, तोपर्यंत वळून बघायचं नाही हं. खोलीत कॅमेरा असतो. मोह किती मोठा असतो बघा, खेळणं एका हातावर आणि खोलीत दुसरं कोणी नाही! बरीचशी मुलं बघतात. मग ताई परत येते, खेळणं झाकते, गोष्ट वाचून दाखवते आणि शेवटी विचारते, खरं सांग, तू वळून बघितलंस का?

काही मुलांना पिनोकियोची गोष्ट वाचली, खोटं बोललं की ज्याचं नाक लांब होतं तो. काहींना लांडगा आला रे आला. काहींना अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची, लहानपणी कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि विचारल्यावर सरळ कबूल केलं, तर वडील चिडण्याऐवजी म्हणाले तू खरं बोललास याचाच मला जास्त आनंद आहे. आणि काहींना ससा-कासव, ज्याचा खरं-खोटं बोलण्याशी संबंधच नाही, तुलनेसाठी. निकाल असा की पिनोकियो आणि लांडगा ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त खरं बोलली नाहीत. नाक लांब झालं, मेंढ्या गेल्या, पण पोरांवर ढिम्म परिणाम नाही. फरक पडला तो फक्त वॉशिंग्टनच्या गोष्टीने. संशोधक तिथेच थांबले नाहीत, त्यांनी ह्याच गोष्टीचा शेवट बदलला, यावेळी जॉर्ज खोटं बोलतो आणि त्याचं वाईट होतं, तर गोष्टीचा असरच गेला. म्हणजे जादू वॉशिंग्टनच्या नावात नव्हती, खरं बोलणारा मुलगा आणि त्यानंतर त्याला मिळालेली माया मुलांना दिसली यात होती. (चेरीच्या झाडाचा हा प्रसंग घडल्याचा काही पुरावा नाही, मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने तो १८०६ च्या आवृत्तीत घातला. मुलांच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, गोष्ट गोष्टीचं काम करते.)

भीती का चालत नाही, यावर मला जे पटतं ते सांगते. लांडग्याच्या गोष्टीत मुलाला खोटं कसं बोलायचं आणि मग काय भयंकर होतं हे दिसतं, पण खरं कसं बोलायचं हे कुठेच दिसत नाही. चूक झालीय, घाबरलोय, आता तोंड उघडून काय म्हणू, हा नमुना त्याला मिळतच नाही. उलट चूक उघडी पडली की वाट लागते एवढं मनात राहतं, आणि मग मूल अजूनच गप्प बसतं. घरातही तसंच होतं ना, कप फुटल्यावर आपण आधी ओरडलो तर पुढच्या वेळी तुकडे सोफ्याखाली सापडतात.

आणि हो, तीन-चार वर्षांचं मूल पहिल्यांदा खोटं बोललं म्हणून लगेच संस्कार कमी पडले असं धरू नका. खोटं बोलायला समोरच्याच्या मनात काय आहे आणि त्याला काय माहीत नाही याचा अंदाज लागतो, ही समज साधारण याच वयात येते. सुरुवातीला ती कच्ची असते, मी नाही बघितलं म्हणणाऱ्या मुलाला लगेच विचारलं की बरं मग काय असेल तिथे, तर बरीच छोटी मुलं खेळण्याचं नाव अगदी बरोब्बर सांगून टाकतात!

प्राण्यांच्या गोष्टींबद्दलही टोरोंटोमध्येच एक प्रयोग झालाय, पत्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांचा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना दहा स्टिकर दिले आणि सांगितलं, एका मुलाला मिळाले नाहीयेत, त्याच्यासाठी हवे तर ठेव. मग काहींना कपडे घालून माणसासारख्या वागणाऱ्या रॅकूनची (अमेरिकेतला एक छोटा रानटी प्राणी) वाटून घेण्यावरची गोष्ट वाचली, काहींना तीच गोष्ट पण चित्रात प्राण्यांच्या जागी माणसं, काहींना बियांवरचं पुस्तक. परत स्टिकर दिले तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आधीपेक्षा जास्त ठेवले, रॅकूनवाल्यांनी नाही. ज्या मुलांना रॅकून आपल्यासारखा वाटला त्यांनी मात्र जरा जास्त स्टिकर ठेवले. म्हणून ससे-कोल्हे बंद करा असं मी अजिबात म्हणणार नाही, पण "वाटून खा" हेच पोचवायचं असेल तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलीची गोष्ट जास्त कामाची.

आता उपाय, आणि तो सोपा आहे. कॅरेन वॉकर आणि तानिया लोंब्रोझो या मानसशास्त्राच्या संशोधकांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगताना मधे मधे "असं का झालं?" विचारलं. अशा मुलांना मथितार्थ जास्त पकडता आला, आणि काही बाबतीत तर तात्पर्य आयतं सांगितलेल्या मुलांपेक्षाही बरा. का चं उत्तर शोधताना मूल आपोआप कुत्रा-पाय सोडून कारणाकडे वळतं.

चिऊ-काऊची गोष्टच घ्या. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो भिजत दारात उभा आणि आत चिऊताई म्हणतेय थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब तीट लावू दे. चिऊने दार लगेच का नाही उघडलं? काऊला बाहेर काय वाटत असेल? तू असतास तर? उत्तर काहीही येऊ दे, मूल म्हणेल बाळाला सर्दी झाली असती म्हणून, म्हणू दे, त्यावर पुढचा का विचारा. आणि रोज विचारायची गरज नाही, कधीकधी भोपळा नुसता टुणूक टुणूक जाऊ दे, म्हातारी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येऊ दे.