एका फाइलचा डेटाबेस की सर्व्हरवरचा? तुमच्या कामाला कोणता लागेल

आमच्या बिलिंग आणि नोंदणीच्या प्रोग्राममागे दोनपैकी एक डेटाबेस असतो, एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेस. कोटेशनमध्ये ही नावं दिसली की बहुतेक जण विचारतात, "भारीतला कोणता? तोच द्या." भारीतला म्हणून पोस्टग्रेस बसवून घेतला आणि पुढे त्याच्याकडे बघायला कुणी नाही, अशी दुकानं आम्ही पाहिली आहेत. म्हणून हे पत्रक.

एसक्यूलाइट म्हणजे रोजमेळाची वही समजा. सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो आणि आमचा प्रोग्राम ती स्वतः उघडून लिहितो. पोस्टग्रेस म्हणजे वही मांडीवर घेऊन बसलेला मुनीम; संगणकाच्या भाषेत या मुनिमाला सर्व्हर म्हणतात. वहीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जे हवं ते मुनिमाला सांगायचं, तो लिहितो, तो वाचून दाखवतो. मुनीम जागेवर नसेल तर मात्र काम ठप्प.

एसक्यूलाइटचा जन्मच या ठप्प होण्यातून झाला. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी प्रोग्राम लिहीत होते. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्राम अडायचा आणि बोलणी त्यांनाच खावी लागायची. मग त्यांनी सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस लिहिला. तो २००० साली बाहेर आला आणि आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. तेव्हा 'हलका म्हणजे कच्चा' हा समज सोडून द्या.

डेटा किती, हा प्रश्न नाही

"आमचा डेटा फार आहे हो," असं ऐकलं की आम्ही कागदावर हिशोब करून दाखवतो. दिवसाला २०० बिलं, प्रत्येकात ५ ओळी, वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं. १० वर्षांत साडेछत्तीस लाख ओळी होतात. ओळीला २०० बाइट धरले तरी पाऊण जीबी भरत नाही. एसक्यूलाइटच्या फाइलची मर्यादा २८१ टीबी आहे, आणि एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी. ती तुमच्या नातवंडांनाही गाठता येणार नाही.

लाइट जाण्याची भीतीही इथे निवाडा करत नाही. बिल अर्धवट असताना वीज गेली, तर दोन्हीकडे ते बिल एक तर पूर्ण नोंदलं जातं, नाही तर अजिबात नाही. (यूपीएस घ्याच, पण तो मशीनसाठी.)

खरा प्रश्न असा: एकाच वेळी किती जण लिहिणार, आणि कुठून?

एसक्यूलाइटची फाइल वाचायला एकाच वेळी अनेक जण चालतात. लिहायला मात्र एका वेळी एकच. एक नोंद काही मिलीसेकंदांत होते, त्यामुळे एका काउंटरवर हे जाणवतसुद्धा नाही. अडचण येते ती दुसऱ्या मशीनवरून तीच फाइल उघडायला गेलं की. सुरुवातीच्या काळात ही चूक आम्हीच केली. एका दुकानात दोन काउंटर होते; आम्ही फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आणि दोन्ही मशीनना वाट दाखवून मोकळे झालो. दोन महिने ठीक चाललं. ऐन दिवाळीच्या गर्दीत फाइल बिघडली आणि दोन रात्री जागून बिलं पुन्हा भरावी लागली. फाइलवर सध्या कोण लिहितंय याची खूण नेटवर्कवरून भरवशाने कळत नाही. दोघांनाही वाटतं, पाळी आपलीच.

आता आमचा नियम साधा आहे. फाइल ज्या मशीनवर, तिला हात लावणारा प्रोग्रामही त्याच मशीनवर. दुसऱ्या काउंटरने ब्राउझरमधून त्या प्रोग्रामशी बोलावं. दोन-तीन काउंटरचं दुकान असं एसक्यूलाइटवर बिनघोर चालतं. त्यापुढे, किंवा दोन शाखा एकाच साठ्यातून माल विकत असतील, किंवा वेबसाइटवरून ऑर्डर येत असतील, तर पोस्टग्रेस घ्या. तिथे लिहिणारे एकमेकांसाठी सहसा खोळंबत नाहीत. दोघे नेमक्या त्याच नोंदीला हात घालतात तेव्हाच एकाला थांबावं लागतं.

पतसंस्थेला मात्र एकच काउंटर असला तरी आम्ही पोस्टग्रेसच सुचवतो. एसक्यूलाइटमध्ये वापरकर्ते आणि अधिकार ही भानगडच नाही. आमच्या प्रोग्रामला लॉगिन आहे, पण मूळ फाइल ज्याच्या हाती लागेल तो ती उघडून वाचू शकतो. पोस्टग्रेसमध्ये लेखापरीक्षकाला फक्त वाचण्यापुरतं खातं देता येतं. दवाखान्यात एसक्यूलाइट पुरतो, पण लॅपटॉपची डिस्क कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, करून घेतल्याशिवाय आम्ही तो बसवत नाही.

पेनड्राइव्हवाल्यांसाठी

रात्री शटर ओढताना फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करणारे बरेच आहेत. सवय चांगली आहे, पण आधी प्रोग्राम बंद करा. तो चालू असताना ताज्या नोंदी मुख्य फाइलशेजारच्या, नावाअखेर 'वाल' असलेल्या फाइलमध्ये असू शकतात. नुसती मुख्य फाइल उचललीत तर संध्याकाळचा धंदा दुकानातच राहिला. त्यापेक्षा आमचं 'बॅकअप' बटण दाबा. ते प्रोग्राम चालू असतानाही पूर्ण प्रत काढतं. पोस्टग्रेसचा फोल्डर तर चालू असताना कॉपी करूच नका. त्याचा बॅकअप रोज रात्री आपोआप निघेल अशी सोय आम्ही करून देतो. तो खरंच निघतोय का, हे आठवड्यातून एकदा कुणीतरी बघायला हवं.

खर्चाचं म्हणाल तर परवान्याचे पैसे दोन्हीला शून्य. पोस्टग्रेसला एक मशीन कायम चालू लागतं आणि देखभाल लागते, कारण त्याच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला दुरुस्त्या ५ वर्षंच मिळतात. त्याआधी पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. वार्षिक करारात आम्ही पैसे घेतो ते याचे.

आज एसक्यूलाइट घेऊन उद्या पोस्टग्रेसवर जाता येतं. एसक्यूलाइट एरवी आकड्याच्या रकान्यात 'बारा' असं अक्षरी लिहिलेलंही मुकाट्याने ठेवून घेतो आणि पोस्टग्रेस तेच दारातून परत पाठवतो. म्हणून आम्ही रकाने पहिल्यापासून कडक ठेवतो, रकमा रुपयांऐवजी पैशांच्या पूर्ण आकड्यांत साठवतो. जाता जाता एक: संगणकाच्या मूळ क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, त्यामुळे खातेयादीत काळे कासारांच्या आधी लागतात. आमच्या प्रोग्राममध्ये वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे बसवलेला आहे. फाइल दुसऱ्या कशात उघडलीत आणि यादी उलटसुलट दिसली तर घाबरू नका.

ऑर्डर देण्याआधी कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला एवढं लिहून आणा: एकूण मशीन किती, सणाच्या दिवशी एकाच वेळी किती जण नोंदी करतात, आणि रात्री कोणतं मशीन चालू राहतं.