आमचे साधन बिल्ड करताना: एलएलव्हीएमच्या आवृत्तीविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमचे कोड-तपासणीचे साधन एलएलव्हीएमवर (कंपायलर व तत्सम साधने बनवण्याच्या मुक्त-स्रोत संचावर) उभे आहे आणि ते आम्ही सोर्ससह, म्हणजे मूळ कोडसह देतो; त्यापासून चालणारा प्रोग्राम तयार करणे म्हणजे बिल्ड करणे. अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून आणि लहान कार्यालयांतून बहुधा एकच प्रश्न येतो: तुमच्याकडे बिल्ड होणारा प्रकल्प आमच्या मशीनवर शेकडो एरर का देतो?

सोर्समध्ये सहसा काही बिघडलेले नसते. प्रकल्पाच्या सीमेक (बिल्डची जुळणी करणारे साधन) फाइलमध्ये एलएलव्हीएमच्या आवृत्तीची अट आम्ही मुद्दाम घातली आहे. ती अडवते म्हणून काही ग्राहक तो आकडाच खोडतात. मग उबुंटूवर दुसऱ्या एखाद्या पॅकेजसोबत आलेली जुनी आवृत्ती सीमेकला सापडते आणि तिचा पत्ता बिल्ड फोल्डरमधील कॅशे फाइलमध्ये (सीमेक आधीची उत्तरे साठवते त्या फाइलमध्ये) नोंदला जातो. त्यानंतर योग्य आवृत्ती बसवली तरी तीच आज्ञा जुनाच पत्ता वापरते, आणि अख्खी दुपार सोर्समधली चूक शोधण्यात जाते. म्हणून खोडलेला आकडा परत लिहावा, बिल्ड फोल्डर पूर्ण पुसावा, 'एलएलव्हीएम_डीआयआर' या पर्यायात योग्य आवृत्तीच्या 'लिब/सीमेक/एलएलव्हीएम' फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा आणि सीमेक चालवल्यावर पडद्यावर छापून आलेली आवृत्ती वाचूनच पुढे जावे.

एकाच आवृत्तीचा आमचा आग्रह काहींना जाचक वाटतो. परंतु एलएलव्हीएमची नवी मुख्य आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि तिचा सी प्लस प्लस इंटरफेस मागच्याशी जुळेलच अशी हमी नसते: आवृत्ती 15 पासून ओपेक पॉइंटर (कोणत्या प्रकारच्या डेटाकडे बोट आहे हे न सांगणारा पॉइंटर) हा मूळ पर्याय झाला आणि 17 मध्ये तो प्रकार सांगणाऱ्या जुन्या टाइप्ड पॉइंटरांचा आधारच काढण्यात आला. प्रत्येक आवृत्तीमागे धावण्यापेक्षा एक नीट तपासून देणे आम्हाला योग्य वाटते.

एलएलव्हीएम स्वतः बिल्ड करायचे असल्यास डीबगऐवजी रिलीज प्रकार निवडावा, असर्शन (कोडमधील अंतर्गत तपासण्या) चालू ठेवावेत आणि टार्गेट, म्हणजे ज्यासाठी कोड तयार करायचा तो प्रोसेसर, फक्त आपलाच घ्यावा. 8 जीबी रॅम असल्यास एका वेळी एकच लिंक (तयार तुकडे जोडण्याचे काम) चालेल अशी मर्यादा घालावी, नाहीतर मशीन लिंकिंगच्या टप्प्यावर गोठते.

भारनियमन आणि अडखळणारे नेट पाहता हा खटाटोप प्रत्येकाने करावा असे नाही. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांना तपासलेली तयार बिल्ड पेन ड्राइव्हवर वेगळे शुल्क न घेता मिळते. अडचण आल्यास आवृत्तीची छापलेली ओळ आणि कॅशे फाइल आधी व्हॉट्सॲपवर पाठवावी, मग फोन करावा.